दशकाचे घर, एककाचे घर

(मंडळाच्या पालक-विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)





आम्हाला सांगण्यात आले की, 'शिक्षण' या विषयावर बोला. शिक्षणावर बोलणे सोपे असते. दोन-चार मोठी वचने सांगावीत, समाजाला जागे होण्याचे आवाहन करावे आणि टाळ्यांच्या गजरात खाली बसावे. आज तसे करण्याचे आमच्या मनात नाही. आज आम्ही अगदी लहान विषय घेऊन उभे आहोत. पहिली-दुसरीच्या मुलाला दशक आणि एकक कसे शिकवावे, एवढाच हा विषय आहे. पत्रिकेत हा विषय वाचून काही मंडळी हसली, हे आम्ही पाहिले. ती का हसली तेही आम्हाला कळते. ज्या समाजाने बॅरिस्टर, अर्थशास्त्रज्ञ आणि घटनेचा शिल्पकार दिला, त्या समाजाच्या व्यासपीठावर 'पंचवीसमध्ये दशक किती?' हा काय विषय झाला? पण मित्रांनो, या लहान विषयापायी आमच्याच हातून एक मोठी चूक झाली. ती आज आपल्यापुढे कबूल करावी, म्हणूनच आम्ही हा विषय निवडला.

आपल्या विहारात संध्याकाळी अभ्यासिका चालते हे आपणास ठाऊक आहे. मुले सहा वाजता येतात, साडेसातला जातात. आम्ही काही जण तेथे शिकवतो. लहान मुलांकडून आम्ही रोज एक ते शंभर म्हणवून घेत असू, लिहून घेत असू. आवाज असा घुमायचा की, रस्त्याने जाणारा माणूसही थांबून ऐके. पालक खूश, आम्हीही खूश. दुसरीतली एक मुलगी तर आमच्या अभ्यासिकेचे भूषण होती. एक ते शंभर एका दमात म्हणायची, पाटीभर लिहायची, एकही चूक नाही. तिला आम्ही वही आणि पेन बक्षीस दिले होते.

कापूस वेचणीचे दिवस होते. या मुलीची आई आणि मावशी एका शेतावर वेचणीला जात. वेचणी किलोवर असते हे या जिल्ह्यात कोणाला सांगायला नको. रोज संध्याकाळी काट्यावर वजन व्हायचे, आई घरी येऊन आकडा सांगायची आणि मुलगी तो बक्षिसाच्या वहीत लिहायची. हप्त्याच्या दिवशी हिशोब झाला. शेतमालक म्हणाला, "तुमची पोरगी लिहिते ना, तिचीच वही आणा." वहीप्रमाणे पैसे दिले गेले. आईला पैसे कमी वाटले. पण लिहिलेले खोटे कसे म्हणायचे? ती गप्प घरी आली. रात्री झोप लागेना, म्हणून दुसऱ्या दिवशी वही घेऊन आमच्याकडे आली.

ती म्हणाली, "सर, मले काही वाचता येत नाही. पण मंगळवारी आमी दोघीनं तीन विसा आन् तीन किलो येचला होता. तेवढं तुमी पाहून सांगा."

तीन विसा म्हणजे साठ, आणि वर तीन. त्रेसष्ट. वहीत मंगळवारपुढे लिहिले होते ३६.

आम्ही मुलीला विचारले, "बाळ, त्रेसष्ट लिहून दाखव." तिने 'त्रे' ऐकले, तीन लिहिला. 'सष्ट' ऐकले, पुढे सहा लिहिला. ३६. मग आम्ही म्हटले, "आता एकसष्टपासून म्हणत म्हणत लिही." तिने एकसष्ट, बासष्ट, त्रेसष्ट असे म्हणत ६१, ६२, ६३ अगदी बरोबर लिहिले. म्हणजे काय झाले? तिला ओळ पाठ होती, संख्या कळली नव्हती. ओळीतून एखादी संख्या उचलून हातात दिली की, ती तिला अनोळखी होती. सत्तावीस किलोंच्या वेचणीचे पैसे त्या घरातून गेले होते. दोष मुलीचा नव्हता, तिच्या आईचा तर मुळीच नव्हता. दोष तिला बक्षीस देणाऱ्या आमचा होता.

शेतमालकाला आम्ही सगळा प्रकार सांगितला. त्याने आईचा तोंडी हिशोब मान्य केला आणि पुढच्या हप्त्यात फरक दिला. तो विषय तेथे संपला. आमच्या मनातून मात्र ती बाई जाईना. जिला अक्षर येत नव्हते तिचा हिशोब बरोबर निघाला आणि आम्ही शिकवलेल्या मुलीचा चुकला. असे का व्हावे? कारण आई विसांचे गट करून मोजत होती. तीन गट आणि वर तीन सुटे. गट आणि सुटे हीच तर स्थानिक किमतीची जननी! आपल्या आज्या-पणज्या विसांनी मोजत, वीस मणांची खंडी म्हणत, सोळा आण्यांचा रुपया मोडत. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि रुपयाचे शंभर पैसे झाले, तोवर रोजच्या व्यवहारात दहाचे राज्य नव्हते. तरीही त्यांचा हिशोब चुकत नसे. गट बांधणे त्यांच्या हाताला ठाऊक होते. आम्ही मुलांच्या हाताला काहीच दिले नव्हते, फक्त तोंडाला दिले होते.

त्यानंतर आम्ही एक परीक्षा घेतली. ही परीक्षा आमच्या डोक्यातून निघालेली नाही. कॉन्स्टन्स कामी या अमेरिकेतील संशोधक बाईंनी लहान मुलांच्या गणितावर काम करताना ती वापरली आणि पुढे ती जगभर माहीत झाली. मुलापुढे सोळा वस्तू ठेवायच्या आणि कागदावर १६ लिहायचे. सहावर बोट ठेवून म्हणायचे, "या सहाचे चिंचोके दाखव." मूल सहा चिंचोके दाखवते. मग एकावर बोट ठेवायचे, "आता या एकाचे दाखव." आमच्या अभ्यासिकेतल्या बहुतेक मुलांनी एकच चिंचोका उचलला. आम्ही विचारले, "मग हे नऊ उरले त्याचं काय?" एक चुणचुणीत मुलगा म्हणाला, "सर, ते तं असेच हायेत."

ते असेच आहेत! मित्रांनो, हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. लिहिलेल्या आकड्यात त्या नऊ चिंचोक्यांना घरच नाही. पुढे हेच मूल तिसरीत जाते, हातच्याची बेरीज करते, अठ्ठावीस अधिक पंधरा बरोबर ३१३ असे उत्तर आणते आणि त्याला ते चुकीचे वाटतही नाही. आठ आणि पाच तेरा, ते लिहिले. दोन आणि एक तीन, ते लिहिले. यात त्याची चूक कोणती? मग त्याला मठ्ठ म्हटले जाते. पाचवीत गणित त्याच्या पाठीस लागते, आठवीत तो गणिताच्या तासाला दांडी मारतो आणि दहावीत गणितात राहिला की, "आपल्या पोराचं डोकंच नाही" असे बाप म्हणतो. डोके होते, फार चांगले होते. दुसरीत त्याचे दहा चिंचोके कोणी बांधून दिले नाहीत, एवढेच घडले होते.

आता आपण भाषेकडे वळू, कारण आपल्या मुलांची अडचण निम्मी गणिताची आहे आणि निम्मी भाषेची. मराठीत आपण एकक आधी बोलतो आणि दशक नंतर. पंच-वीस म्हणताना पाच आधी येतो. लिहिताना मात्र दोन आधी. कानाला एक क्रम, डोळ्याला दुसरा. शिवाय दशकाचे नावही एका रूपात राहत नाही. पन्नासचे कुठे 'वन्न' होते, कुठे 'पन्न'. साठचे 'सष्ट', सत्तरचे 'हत्तर'. पाचाची रूपे पाहा : पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट. त्यात भर म्हणून एकोणतीस. ऐकू येते तीस, आणि लिहायचे दोन दशक नऊ. एकोणीसपासून एकोणऐंशीपर्यंत नवाची ओळ अशी 'एक कमी' म्हणून चालते, एकोणनव्वदला नव्याऐंशीही म्हणतात, आणि पुढे तर नव्याण्णव! शंभर नावे म्हणजे जवळजवळ शंभर नवे शब्द. त्यातील जोडाक्षरे वेगळीच. मोठ्यांना हे जड वाटत नाही, कारण आपण ते कधीच गिळून पचवलेले असते.

याच अडचणीवर बालभारतीने २०१९ साली एक उपाय योजला. दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात संख्यांचे वाचन 'वीस एक, वीस दोन, वीस तीन' असे दिले. त्यावर महाराष्ट्रात केवढे वादळ उठले ते आपणास आठवत असेल. वर्तमानपत्रांत, दूरदर्शन वाहिन्यांवर, विधिमंडळातही चर्चा झाली. मराठी भाषा मारली जात आहे, असे म्हटले गेले. थट्टाही पुष्कळ झाली. गणित विषय समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांनी शांतपणे समजावून सांगितले की, जुने शब्द काढलेले नाहीत, दोन्ही पद्धती दिल्या आहेत; जोडाक्षरांनी आणि उलट्या क्रमाने लहान मुले गोंधळतात, त्यांना आधार मिळावा एवढाच हेतू आहे. नारळीकर बाई १७ जुलै २०२३ रोजी गेल्या. मोठ्या गणितज्ञ असूनही त्यांनी दुसरीच्या मुलाच्या अडचणीत लक्ष घातले, याबद्दल त्यांचे ऋण मानले पाहिजे.

आम्ही त्या वेळी कोणत्या बाजूला होतो? खरे सांगायचे तर विरोधाच्या बाजूला होतो. आमच्यापैकी काहींनी चहाच्या टपरीवर त्या पुस्तकाची थट्टाही केली होती. ३६ लिहिलेली ती वही हातात आल्यावर आमचे डोळे उघडले. 'साठ तीन' असे तिला एकदा तरी कोणी सांगितले असते, तर ती ६३ लिहिती.

आणि हे जगावेगळे आहे काय? आपल्या जिल्ह्याच्या दक्षिणेला, केळापूर-झरी जामणीच्या पलीकडे तेलंगणा लागतो. तेथे तेलुगूत पंचवीसला 'इरवै ऐदु' म्हणतात, म्हणजे वीस पाच. इंग्रजी शाळेतला आपला मुलगा 'ट्वेन्टी फाईव्ह' म्हणतो, तेही वीस पाचच. चिनी भाषेत तर 'दोन-दहा-पाच' असेच म्हणतात. दशक शब्दातच उघडा दिसतो. उलट जर्मन लोक आपल्यासारखे पाच आणि वीस म्हणतात आणि त्यांच्याही मुलांची अशीच उलटापालट होते. नॉर्वे देशातही जुनी पद्धत 'पाच आणि वीस' अशी होती. दूरध्वनीचे क्रमांक सांगताना-ऐकताना घोटाळे होऊ लागले, तेव्हा १९५१ साली तेथील शासनाने दशक आधी बोलण्याची पद्धत लागू केली. जुनी पद्धत म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पुढेही राहिली, आणि त्यांची भाषा काही मेली नाही.

मात्र दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. बाजारात, एस. टी. स्टँडवर, दवाखान्यात, जिनिंगच्या काट्यावर कोणी 'साठ तीन' म्हणत नाही, त्रेसष्ट म्हणतात. आपल्या मुलाला त्रेसष्ट कळलेच पाहिजे, नाही तर तो पुन्हा फसेल. आजकाल तर इंग्रजी शाळेतली मुले मोबाईलचा नंबर इंग्रजीतून घडाघड सांगतात आणि आजीने "एकोणसत्तर" म्हटले की तोंडाकडे पाहतात. म्हणून आमचे मत असे बनले आहे की, साठ तीन ही शिडी आहे आणि त्रेसष्ट हा माळा आहे. शिडीशिवाय माळ्यावर चढवू नये आणि शिडीवरच बसवूनही ठेवू नये.

आता विद्यार्थी मित्रांसाठी थोडे इतिहासाकडे जाऊ. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांत ऋषभदत्ताचा, म्हणजे उषवदाताचा शिलालेख आहे. इसवी सनाच्या आरंभीच्या शतकांतला. त्याने भिक्खुसंघाच्या चीवरासाठी, म्हणजे वस्त्रांसाठी, तीन हजार कार्षापणांचे अक्षय दान दिले आणि ते विणकरांच्या श्रेणींकडे ठेव म्हणून ठेवले. दोन हजार दरमहा शेकडा एक या व्याजाने आणि एक हजार दरमहा शेकडा पाऊण या व्याजाने. आता मुलांनो, मनात करा. दोन हजारांचे वर्षाचे व्याज किती? दोनशे चाळीस. लेख सांगतो की, वर्षावास करणाऱ्या वीस भिक्खूंना प्रत्येकी बारा द्यावेत. वीस गुणिले बारा दोनशे चाळीस! हजाराचे व्याज नव्वद. दोन हजार वर्षांपूर्वी दगडावर कोरलेला हिशोब आजही पैशाने चुकत नाही.

पण त्या लेखातले आकडे आजच्यासारखे नाहीत. त्या ब्राह्मी अंकांत दहासाठी वेगळे चिन्ह, वीससाठी वेगळे, शंभरासाठी वेगळे, हजारासाठी वेगळे. शून्य नाही, घरे नाहीत. पुढे माणसाने युक्ती काढली की, चिन्हे नऊच ठेवू आणि त्यांची किंमत जागेवरून ठरवू. या युक्तीचा एक जुना उल्लेख कोठे सापडतो? बौद्ध वाङ्मयात! आचार्य वसुबंधूंच्या अभिधर्मकोशभाष्यात आचार्य वसुमित्रांचे मत दिले आहे. भूत, वर्तमान आणि भविष्य यांविषयीचा तो खोल वाद आहे, त्यात आज शिरायचे नाही. पण तेथे दृष्टान्त असा आहे की, मोजणीची एकच खूण एकाच्या जागी ठेवली तर तिला एक म्हणतात, शंभराच्या जागी ठेवली तर शंभर म्हणतात, हजाराच्या जागी ठेवली तर हजार. खूण तीच, जागा बदलली की नाव बदलते. भिक्खूंना गहन विषय समजावण्यासाठी आचार्यांनी दशक-एककाचा दाखला घ्यावा, याचा अर्थ असा की, ही गोष्ट त्या काळी ऐकणाऱ्यांच्या ओळखीची होती. पुढे रिकाम्या जागेसाठी शून्य आले. ग्वाल्हेरच्या इ. स. ८७६ च्या शिलालेखात २७० हा आकडा शून्यासह कोरलेला आज पाहता येतो. येथून ही विद्या अरबांकडे आणि तेथून युरोपात गेली. मग आपल्या पोराला दशक-एकक जड का जावे?

आता प्रत्यक्ष शिकवण्याकडे येऊ. मोठी साधने लागतात असा गैरसमज आहे. परदेशात माँटेसोरी बाईंनी सोनेरी मण्यांचे साहित्य केले; ते महाग. आपल्या महाराष्ट्रात ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांसाठी बालवाड्या चालवल्या. त्यांनी शिंपले, बिया, खडे, पाने हेच शिक्षणसाहित्य केले. आपल्याकडे काय कमी आहे? तुराट्या आहेत, पऱ्हाट्या आहेत, चिंचोके आहेत.

पहिली पायरी. तुराटीचे बोटभर तुकडे करा. मुलाला मोजू द्या. दहा झाले की दोऱ्याने बांधायचे. नियम एकच : सुटे दहा झाले की ठेवायचे नाहीत, गठ्ठा बांधायचा. बांधायचे काम मुलानेच करावे, आपण आयते गठ्ठे देऊ नयेत. बांधताना त्याला कळते की, हा एक गठ्ठा आहे आणि त्यात दहा काड्याही आहेत. एकाच वस्तूकडे एक म्हणून आणि दहा म्हणूनही पाहता येणे, हाच सारा कठीण भाग आहे. तेंदूपत्ता तोडणाऱ्या घरातली मुले हे लवकर शिकतात असा आमचा अनुभव आहे. ठरावीक पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची गोणी, हे त्यांनी उन्हाळ्यात डोळ्यांनी पाहिलेले असते.

दुसरी पायरी. जमिनीवर खडूने दोन घरे आखा. डावीकडे दशकाचे घर, उजवीकडे एककाचे. दशकाच्या घरात फक्त गठ्ठे राहतील, एककाच्या घरात फक्त सुटे, आणि तेही नऊपर्यंतच. आता मुलाला म्हणू द्या, "सहा दशक तीन सुटे." मग "साठ तीन." मग आपण हळूच म्हणावे, "यालाच त्रेसष्ट म्हणतात." कोलामी, गोंडी किंवा बंजारा बोलणारे मूल असेल तर आधी त्याच्या बोलीत मोजू द्यावे. गठ्ठ्याला भाषा नसते.

तिसरी पायरी लिहिण्याची. येथे एक नवी चूक होते, तीही सांगतो. 'साठ तीन' म्हटले की काही मुले ६०३ लिहितात. ऐकले तसे लिहिले, त्यांचे काय चुकले? यावर उपाय सोपा आहे. पुठ्ठ्याची कार्डे करा. ६० चे रुंद कार्ड, ३ चे अरुंद कार्ड. तीनाचे कार्ड शून्यावर ठेवायचे. ६३ दिसले. कार्ड उचलले की, खाली साठ लपलेला आहे. शून्य म्हणजे एककाच्या घरात कोणी नाही याची पाटी, हेही मुलाला येथेच कळते.

चौथी पायरी मोडण्याची. बेचाळीसमधून सतरा काढायचे आहेत. चार गठ्ठे, दोन सुटे. दोनातून सात जात नाहीत. मग एक गठ्ठा सोडा. तीन गठ्ठे, बारा सुटे. बारातून सात गेले, पाच राहिले; तीनातून एक गठ्ठा गेला, दोन राहिले. पंचवीस. दहाची नोट मोडून सुटे पैसे आणावेत तसेच हे आहे. 'उसना' हा शब्द ऐकून मुले घाबरतात, कारण घरात उसनवारीचा अर्थ त्यांना ठाऊक असतो. त्यांना सांगा, उसने काही नाही, आपलाच गठ्ठा आपण सोडला.

पाचवी पायरी ताडून पाहण्याची. ओळीने म्हणवून घेऊ नका, मधूनच विचारा. एकोणतीस मोठे की एकतीस? सत्तेचाळीसमधला चार म्हणजे किती काड्या? आणि मोठ्या मुलांनो, तुमच्यासाठी एक गंमत. दोन अंकी संख्येचे अंक उलटे लिहिले गेले तर पडणारा फरक नेहमी नवाच्या पटीत असतो. ६३ वजा ३६ सत्तावीस, नऊ त्रिक सत्तावीस. ५२ वजा २५ सत्तावीस. ४१ वजा १४ सत्तावीस. ९१ वजा १९ बहात्तर. का? कारण दशकाच्या घरातला प्रत्येक एक एककाच्या घरात गेला की, दहाचा एक होतो, म्हणजे नऊ कमी होतात. जुने हिशोबनीस फरक नवाने भागला गेला की आधी उलटापालट शोधत. आईच्या वेचणीच्या वहीत, बापाच्या पावतीत फरक पडला तर तुम्हीही शोधा.

बंधू-भगिनींनो, महात्मा फुल्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे निवेदन दिले. प्राथमिक शाळेत काय शिकवावे याची यादी करताना त्यांनी वाचन-लेखनाबरोबर हिशोबाला जागा दिली, शेतीच्या ज्ञानाला दिली. ते का, हे आपण जाणतो. ज्याला हिशोब येत नाही, त्याचा हिशोब दुसरा कोणी तरी लिहितो. बाबासाहेबांनी १९२३ साली लंडनमध्ये रुपयाच्या प्रश्नावरचा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. एवढ्या उंचीवर जाणाऱ्या वाटेची पहिली पायरी दहाचा गठ्ठा हीच आहे. ती पायरी कोणाला चुकली तर पुढच्या शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे त्याच्यापर्यंत पोचत नाहीत.

आम्ही आता अभ्यासिकेत एक ते शंभराचा गजर बंद केलेला नाही. पाठांतरालाही जागा आहे. पण त्या आधी अर्धा तास काड्यांचा असतो. पूर्वीएवढा आवाज बाहेर जात नाही, त्यामुळे काही पालक विचारतात, "हल्ली पोरं काही शिकत नाहीत काय?" त्यांना आम्ही आत बोलावतो आणि बसवतो. ती मुलगी आता लहान मुलांचे गठ्ठे तपासते. त्या दिवशी तिची आई मागे बसली होती. मुलीने तिला विचारले, "आई, तीन विसा म्हंजे किती गठ्ठे?" आईने बोटे मोडली आणि म्हणाली, "एका विसाचे दोन. तं सहा." पोरीने सहा गठ्ठे तिच्यापुढे ठेवले, वर तीन काड्या ठेवल्या आणि पाटीवर ६३ लिहून तिच्या हातात दिले. आईने तो आकडा बोटाने दोनदा गिरवला. आम्ही कोणीच बोललो नाही.

म्हणून आमची मंडळाच्या सभासदांना एकच विनंती आहे. वर्गणी द्या, ती लागतेच. पण हप्त्यातून एक संध्याकाळही द्या. पदवी लागत नाही. मूठभर तुराट्या, दोऱ्याचा रीळ आणि मुलाचे उत्तर ऐकून घेण्याचा धीर लागतो. आणि विद्यार्थी मित्रांनो, तुमच्यापैकी दहावी-बारावीत जे असतील त्यांनी घरातल्या धाकट्यापुढे आज रात्री सोळा चिंचोके ठेवा आणि १६ मधल्या एकाचे चिंचोके दाखवायला सांगा. त्याने एकच उचलला तर त्याला हसू नका. उरलेले नऊ त्याच्याजवळ सरकवा, आणि दहा बांधायला दोरा द्या.

 जय भीम!